आप्पांचा गवाह

मला दत्तक दिलं तेव्हा मी चांगला दांडगा होतो. मांडीवर बसवायचं पोर कसं, पाय जमिनीला टेकू नयेत असं हवं. माझे टेकत होते. ग्यानोबाकाका अंगानं किडकिडीत. माझ्या वजनानं त्यांच्या मांडीला मुंग्या आल्या असणार, कारण भटजींचे मंत्र चालू असताना ते सारखे चुळबुळ करत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या जन्मदात्या वडिलांनी, माझा हात काकांच्या हातात दिला, वरून पळीभर पाणी सोडलं. मग साखर वाटली, कागद झाला, चौघांनी अंगठे उठवले, पंगत उठली. उन्हं कलायला लागल्यावर आमची गाडी जुंपली, तसा मीही सवयीनं मागून चढून किसनदादाच्या शेजारी बसलो. आईनं मला धरून खाली उतरवलं. "तू ऱ्हा. तुझं घर हेच हाय आता," एवढं बोलून ती तोंड फिरवून गाडीत बसली. मी गाडीमागं पळालो वगैरे काही नाही. लोक तसं लिहितात. मी तिथंच उभा राहून मूठभर साखर संपवली.

आम्ही तिघे भाऊ. किसनदादा थोरला, आणि थोरला मुलगा द्यायचा नसतो. धाकटा लखू अजून आईचा पदर सोडत नव्हता. उरलो मी. मधल्याला कोणी विचारत नाही असं म्हणतात. मला मात्र विचारणारे घरी चालून आले. ग्यानोबाकाका हे आप्पांचे चुलतभाऊ, मंठ्याच्या बाजूला पूर्णेकाठच्या गावात राहणारे. काळीभोर जमीन, दोन विहिरी, आणि पोटी मूलबाळ नाही. आमचं गाव तीर्थपुरीकडचं. मधे बैलगाडीची लांबलचक वाट. माझं चांगलं व्हावं म्हणूनच दिलं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. चांगलं झालंही. पण चांगलं होणं वेगळं आणि करमणं वेगळं.

त्या घरात आवाजच नव्हता. आमच्याकडे पहाटे जातं सुरू झालं की आईच्या ओव्या, आप्पांचं खाकरणं, बैलांच्या घुंगरमाळा, लखूचं रडं, आणि तिघांना मिळून एकच वाकळ, तिची ओढाओढ. इथं मला स्वतंत्र वाकळ मिळाली. नवी, मऊ, गयाकाकूंनी, म्हणजे ग्यानोबाकाकांच्या बायकोनं, स्वतः शिवलेली. तिच्यात मी सगळीकडून नीट पांघरून घेऊन जागा पडत असे, कारण ओढणारं कोणी नव्हतं. जेवणाचंही तेच. काकू ताज्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवत, येसराच्या आमटीची वाटी भरून देत, अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी वरून ओतत आणि समोर बसून मी खातो का ते बघत राहत. माझ्या ताटातलं कोणी हिसकावत नव्हतं. तुम्हाला म्हणून सांगतो, भावाच्या हातून वाचवलेल्या भाकरीची चव त्या लोण्याला नव्हती. काकू फार चांगल्या बाई. मी जेवताना त्या एकदाही नजर हलवत नसत, आणि मला त्या नजरेचाच धाक वाटे. पोर खातंय, म्हणजे राहील, असा त्यांचा हिशोब असावा.

शाळा मंठ्याला आणि शिकवणं उर्दूतून. हजेरीला मास्तर आधी मुलाचं नाव, मग 'वल्द', मग बापाचं नाव पुकारत. अमक्याचा मुलगा अमका, अशी ती तऱ्हा. निजामाच्या राज्यात माणूस 'वल्द'शिवाय पुरा होत नसे. शाळेत, चावडीत, कचेरीत, सगळीकडे तुमच्या पाठीवर बापाचं नाव बसलेलं. "सखाराम वल्द ग्यानोबा," मास्तर पुकारायचे आणि मी गप्प. मुद्दाम नव्हे. तो कोणी दुसरा मुलगा आहे असंच मला वाटत राहायचं. कितीतरी दिवस मी वर्गात बसून गैरहजर राहिलो. शेवटी मास्तरांनी कान धरून उभं केलं, "बाप का नाम क्या है रे तेरे?" मी आप्पांचं नाव सांगितलं. कान जरा जास्तच पिळला गेला आणि मग मी शिकलो.

गावाकडून कोणी येत नव्हतं. सणावाराला वाटे, आज येतील. पोळ्याला मी वेशीपर्यंत जाऊन उभा राहायचो आणि लोकांचे बैल बघतोय असं दाखवायचो. बोलावणंही कधी आलं नाही. आई गेल्याची खबर आली तीही अग्नी देऊन झाल्यावर. भटजींनी सांगितलं, दत्तक गेलेल्याला जन्मदात्या आईचं सुतक तीनच दिवस. तिकडे दादा आणि लखू मुंडण करून दहा दिवस बसलेले असणार, आणि इकडे मी चौथ्या दिवशी आंघोळ करून, दप्तर घेऊन शाळेत. मुलं विचारत होती, तीन दिवस कुठं होतास? मी म्हणालो, ताप होता. काय सांगणार? आई मेली म्हणावं, तर काकू घरात जित्या होत्या.

हल्ली मी नवीन जालन्यात नातवाकडे असतो. मागच्या वर्षी त्यानं घर घेतलं तेव्हा मला रजिस्ट्रीला हौसेनं घेऊन गेला होता. तिथं आता फोटो काढतात, काचेवर अंगठा ठेवायला लावतात आणि कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. साक्षीदार म्हणून नातवाचे दोन मित्र मोटारसायकलवर आले, सह्या करून गेले, चहासुद्धा घेतला नाही. मी कोपऱ्यात बसून होतो. नातू म्हणाला, आजोबा, कंटाळलात का? मी म्हटलं, नाही बाबा. कंटाळलो नव्हतो.

मला मिसरूड फुटलं होतं त्या सालची गोष्ट. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. एका दुपारी अंगणात गाडी येऊन थांबली आणि तीतून किसनदादा उतरला. मी त्याला ओळखलं ते चालण्यावरून; चेहरा पार बाप्याचा झाला होता. ओसरीवर बसून त्यानं पाणी प्यायलं आणि काकांना म्हणाला, "आप्पा आमची वाटनी करून राह्यलेत. सख्याला बलावलंय." एवढंच. वाटणी म्हटल्यावर काकांचा चेहरा उतरला. काकू आत गेल्या आणि भांड्यांचा उगाच आवाज करायला लागल्या. दोघांना एकच भीती, की पोराचा हिस्सा काढून त्याला परत ओढतील. आणि खरं सांगायचं तर त्यांना जी भीती वाटत होती, तीच मला आशा होती. जमीन नको होती मला. काकांची चौपट होती. पण वाटणीच्या वेळी बाप मुलांना समोर बसवतो. मला बोलावलंय म्हणजे मोजताना आप्पा तीन मोजत असणार.

काकांनी अडवलं नाही. "जाऊन या," म्हणाले, "पर सखाराम, कागद वाचल्याबिगर सही करू नको. कोनाच्याबी." काकूंनी धपाटे बांधून दिले. गाडी वळणावर गेली तोवर दोघं दारात उभे होते.

घरी पोचलो तर घर ठेंगणं झालं होतं. आई नव्हती. दादाची बायको नवी, तिनं मला कधी पाहिलेलं नव्हतं. पदर सावरून ती "या भावजी" म्हणाली आणि पाय धुवायला पाणी दिलं. आप्पा बाजेवर बसले होते. मी पायाला हात लावला. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "वाढलास की." त्यांना कंपवात झाला होता. पाण्याचा तांब्या तोंडाशी नेताना निम्मं पाणी सदऱ्यावर सांडत होतं आणि आपल्याला काही झालेलंच नाही अशा थाटात ते पीत होते. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा मला पाट, समोर गव्हाची पोळी, तूप, शेवयांची खीर. शेजारी दादा, लखू आणि आप्पा जमिनीवर, त्यांच्या पुढ्यात जवारीची भाकरी आणि ठेचा. मी म्हणालो, "वहिनी, मला बी भाकरच द्या." ती म्हणाली, "असं कसं, पावन्याला भाकर?" लखू, तोच आईचा पदर न सोडणारा, मान खाली घालून भाकरी कुस्करत होता. मी पोळी खाल्ली. 

जेवण झाल्यावर दादानं खरं काम सांगितलं. तो मुळीच वाईट माणूस नव्हता. त्याला वाटलं, मला सगळं ठाऊकच आहे. "उद्या कचेरीत कागद रजिस्टर करायचा. दोन गवाह लागतेत. एक शेजारचा कोंडिबा धनगर. दुसरा घरचा चालत न्हाई, ज्याला हिस्सा हाय त्याची साक्ष धरत न्हाईत. तुझा हिस्सा न्हाई, तू तिऱ्हाईत. म्हनून तू चालतोस. आन् तुला उर्दू येतं." मी "बराबर हाय" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? परक्याची साक्ष चांगली धरतात हा कायदा, आणि कायद्यानं मी त्या घराला पक्का परका होतो, कोंडिबापेक्षाही. त्याच्याशी निदान बांधावरून भांडण तरी होतं.

मग दिव्याच्या उजेडात आप्पांनी मला बाजेजवळ बसवलं आणि कागद हातात दिला. लिहिणाऱ्यानं तालुक्याला बसून तो उर्दूत लिहिलेला, आणि आप्पांना अक्षरओळख नाही. "काय लिव्हलंय ते मला आपल्या बोलीत सांग. उद्या सायब इचारील, समजला का म्हनून." मी वाचायला लागलो. सुरुवातीला आप्पांचं नाव, गाव, धंदा काश्तकारी, म्हणजे शेती. मग पुढची ओळ आली. मी थांबलो. आप्पा म्हणाले, "वाच की." मी सांगितलं, "मला दोन मुलगे आहेत, किसन आणि लक्ष्मण. यांच्याशिवाय मला मुलगा अगर वारस नाही." आप्पांच्या तोंडचं वाक्य ते, त्यांच्या वतीनं मीच त्यांना वाचून दाखवत होतो. ते वातीकडे बघत होते. "बराबर हाय," म्हणाले, "फुडं वाच." मी पुढं वाचलं. विहीर सामाईक, पांदीकडचं शेत थोरल्याला, नदीकडचं धाकट्याला. कुठं काही वावगं नव्हतं. सगळा कागद खरा होता. इतका खरा कागद मी पुढं आयुष्यात पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेलो. कचेरीपुढं लिंबाच्या सावलीत गर्दी, स्टांपवाले, अर्ज लिहिणारे, आणि त्यांच्याजवळच उकिडवी बसलेली तीन-चार माणसं. कोंडिबानं मला कोपरानं ढोसलं. "हे गवाह बरं का. कोनाला गवाह कमी पडला की यांला हाक मारायची. चहा पाजला की झालं." मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. आत बोलावणं आलं. रजिस्ट्रार साहेब वयस्क, पांढरी दाढी, बोलणं मऊ. मुन्शीनं कागद वाचला, आप्पांना विचारलं, समजलं का, मंजूर का, कोणी जबरी केली का. आप्पा एकेका प्रश्नाला "जी" म्हणत होते. मग साहेबांची नजर माझ्यावर गेली, माझ्यावरून दादावर, दादावरून आप्पांवर. नाक आम्हा सगळ्यांचं एकच, आप्पांचं, पोपटासारखं. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "ये गवाह भी इनका लड़का है क्या?"

 मुलगा असेल तर कागद खोटा ठरत होता. तिसऱ्याला लपवून वाटणी केली असा अर्थ. साहेबांनी मलाच विचारलं, "तुम्हारे वालिद का नाम?" आप्पा माझ्या शेजारी उभे होते, इतके शेजारी की त्यांच्या सदऱ्याचा तंबाखूचा वास मला येत होता. मी काकांचं नाव सांगितलं. गावासकट, ठणठणीत आवाजात सांगितलं. बाजूला पाहिलं तर आप्पा मान हलवत होते, पोरानं पाढा बिनचूक म्हटला की हलवतात तशी. मग दादानं दत्तकाची हकीकत सांगितली, साहेब "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि मुन्शीनं पुढचा ठरावीक प्रश्न विचारला. गवाहानं कागद करून देणाऱ्याची ओळख द्यावी लागे. "इनको कब से जानते हो?"

मी म्हणालो, "पैदा हुआ तब से."

मुन्शीनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं मान खाली घालून काय लिहायचं ते लिहिलं.

अंगठा द्यायची वेळ आली. आप्पांचा हात मुळात थरथरणारा, त्यात चारचौघांपुढं तो जास्तच उडायला लागला. पहिला ठसा फरकाटला. दुसराही. दादा पटकन पुढं झाला आणि मनगट धरायला गेला, तसा मुन्शी ओरडला, "हटो! हिस्सेदार हाथ नहीं लगाएगा. कल कोई बोलेगा, पकड़ के अंगूठा लिया." दादा चटका बसल्यासारखा मागं सरला. लखू तर भिंतीलाच टेकला. मुन्शीनं माझ्याकडे बोट केलं. "गवाह, तुम पकड़ो."

मी आप्पांचा हात धरला. दत्तकाच्या दिवशी त्यांनी माझा हात काकांच्या हातात दिला, त्यानंतर त्यांचा हात माझ्या हातात आलाच नव्हता. तो हलका झाला होता, कातडी सैल, आणि आत ती थरथर, पकडलेल्या पाखराची असते तशी. "घट धर," आप्पा हळूच म्हणाले. मी घट धरला. थरथर माझ्या मनगटापर्यंत यायला लागली. अंगठा शाईवर, मग कागदावर, मग कचेरीच्या बाडात. एकेक ठसा स्वच्छ उमटला. मला वाटत होतं की आणखी पुष्कळ कागद असावेत. "बस, छोड़ो," मुन्शी म्हणाला. मी सोडला आणि खाली माझी सही केली, सखाराम वल्द ग्यानोबा.

बाहेर आलो तेव्हा उन्हं उतरली होती. दादा आणि कोंडिबा बैल सोडून आणायला गेले, लखू पाणी आणायला. मी आणि आप्पा दोघेच लिंबाखाली. ती गवाहीवाली माणसं अजून तिथंच बसलेली होती, एक जण पेंगत होता. त्यांच्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हणालो, "आप्पा, गवाह तर हितंच मिळत व्हते."

"मिळतेत की."

"मंग मला येवढ्या लांबून कशाला बलावलं?"

 आप्पा शाईचा अंगठा धोतराला पुसत बसले. मग म्हणाले, "हात कोनाच्या हातात देऊ? ह्या दोघांला धरता येत न्हाई हे मला ठावं व्हतं." दुसरीकडे बघत म्हणाले, "ग्यानोबाला मी शबूद दिल्ता, पोराला बिनकामाचं बलवनार न्हाई म्हनून. त्याचं मन लागावं तिकडं. तुझी आय गेली तवाबी न्हाई बलावलं. काम निघायची वाट बघून राह्यलो व्हतो मी."

मला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण समोर कचेरी होती, आत आमचा कागद नुकताच पक्का झालेला, आणि लोक बघत होते. गवाहानं असं करायचं नसतं. दादानं गाडी आणली. आप्पांना दोघांनी उचलून वर बसवलं, गाडी तीर्थपुरीच्या वाटेला लागली आणि मी जालन्याच्या मोटारीची वाट बघत उभा राहिलो. आप्पा त्यानंतर बरीच वर्षं होते. माझ्याजोगं दुसरं काम काही निघालं नाही.